‘शैली’च्या रकान्यात काय लिहू?

पत्र

ताई, नमस्कार. मी 27 वर्षांची, दांडिया बाजारातली. आमची बडोद्यातली ही चौथी पिढी. शाळेत असताना भरतनाट्यम शिकले, अरंगेत्रमही झालं, मग नोकरी लागली आणि ते सुटलं. चार वर्षांपूर्वी बेली डान्सकडे वळले. थोडं वर्कशॉपमध्ये शिकले, बरंचसं व्हिडिओ बघून. नवरात्रात नऊ रात्री गरबा असतोच.

डिसेंबरमध्ये एका कार्यक्रमात मला पाच मिनिटं मिळाली आहेत. आयोजकांच्या फॉर्ममध्ये ‘शैली’ असा रकाना आहे आणि तिथे मी अडकले आहे. इजिप्शियन लिहू, टर्किश लिहू, की ट्रायबल फ्यूजन? दर महिन्याला जिचे व्हिडिओ बघते तिच्यासारखी नाचायला लागते. वर्कशॉपमधल्या बाई म्हणाल्या, ‘तुझ्या अंगातलं भरतनाट्यम आधी काढून टाक.’ मैत्रीण म्हणते, ‘गरबा आणि बेली डान्स एकत्र कर, तीच तुझी ओळख.’ आईचा विरोध नाही, पण नातेवाईकांसमोर ती हा विषय टाळते. माझी स्वतःची शैली कशी शोधायची?

उत्तर

फॉर्मचं आधी मिटवून टाकू, कारण त्याला मुदत असेल. त्या संध्याकाळी तू कुठल्या परंपरेतलं संगीत घेऊन उभी राहणार, एवढंच आयोजकांना हवं असतं. इजिप्शियन संगीत घेणार असशील तर ‘इजिप्शियन’ लिही आणि पाठवून दे. टर्किश लिहायचं तर कार्शिलामा या तुर्की नाचाचा नऊ मात्रांचा ठेका, दोन-दोन-दोन-तीन असा, पायात मुरलेला हवा. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून तो पर्याय सोड.

ट्रायबल फ्यूजनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे नाव फार सैल हाताने लावलं जातं. सॅन फ्रान्सिस्को भागात जमिला सलीमपूर यांनी 1968 मध्ये ‘बाल अनात’ ही मंडळी उभी केली. त्याच शिष्यपरंपरेतल्या कॅरोलिना नेरिचिओ यांनी 1987 मध्ये ‘फॅटचान्स बेलीडान्स’ सुरू केलं. तिथे सगळ्याजणी मिळून आयत्या वेळी नाचतात. पुढची बाई हाताच्या किंवा खांद्याच्या खुणेने पुढची हालचाल सांगते आणि मागच्या तिघी-चौघी ती तत्क्षणी उचलतात. या पद्धतीतून पुढे फ्यूजन फुटलं. काळे कपडे, चांदीचे दागिने आणि सापासारखे हात एवढ्यावर ते होत नाही. खुणांची ती भाषा शिकली नसशील तर ते नाव लावू नकोस. त्या नर्तिका चोळी, मोठ्या घेराचा घागरा आणि आरसेकाम आपल्याच बाजूने घेऊन गेल्या आहेत. त्यामुळे तुला ते सगळं घरचं वाटेल आणि आपलीच शैली आहे असा भास होईल. वेश ओळखीचा असला तरी नाच शिकावाच लागतो.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

बदिया मसाबनी नावाच्या बाईंनी 1926 मध्ये कैरोत आपलं नृत्यगृह उघडलं. इजिप्शियन नाचाचं आज आपण बघतो ते रंगमंचावरचं रूप बऱ्याच अंशी तिथे घडलं. ताहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी याच मंडळीतून पुढे आल्या. मालकीण एक, रंगमंच एक, वाद्यवृंद एक. जुन्या इजिप्शियन सिनेमांतले दोघींचे नाच एकापाठोपाठ एक लावून बघ. ताहिया जवळजवळ जागची हलत नाही. एवढ्याशा जागेत उभी राहून सगळं काम कमरेला देते, आणि एखादी हालचाल संपवायची तिला घाई नसते. सामिया पूर्ण रंगमंच वापरते, तिचे हात लांब आणि हवेशीर आहेत. रेशमी ओढणी घेऊन प्रवेश करायची चाल रूढ करणाऱ्यांत तिचं नाव घेतात. त्यानंतर नईमा आकेफ बघ. ती सर्कशीच्या कुटुंबातली, तिच्या पाठीची लवचीकता आणि उड्या लपत नाहीत, तिने त्या लपवल्याही नाहीत. मग सुहैर झकी. ती इतकं कमी करते की पहिल्यांदा बघताना तुला वाटेल, यात आहे काय? दुसऱ्यांदा बघताना फक्त सारंगीसारखी गाणारी व्हायोलिनं ऐक आणि तिच्या कमरेकडे लक्ष दे. एकही स्वर सुटलेला नाही.

या चौघींची हालचालींची शब्दसंपत्ती थोड्याफार फरकाने सारखीच आहे. कमरेने काढलेला आडवा आठ, उभा आठ, हिप ड्रॉप म्हणजे एका बाजूची कंबर झटकन खाली सोडणं, शिमी म्हणजे अंगाची भरभर थरथर, पोटाची लाट. कुणी नवा अवयव शोधून काढला नाही. प्रत्येकीने त्या संगीतात काय ऐकलं आणि काय करायचं सोडून दिलं, तिथे त्या वेगळ्या झाल्या. ताहियाने रंगमंचभर फिरणं सोडलं, सुहैरने दिखाऊपणा सोडला. माझ्या मते शैलीचा शोध हा असा वजाबाकीचा आहे, आणि तुझा आत्तापर्यंतचा सगळा प्रयत्न बेरजेचा झालाय. या महिन्यात हिचे हात, पुढच्या महिन्यात तिची शिमी.

त्यात तुझा दोष नाही. मोबाइलवर दिसणारा तुकडा अर्ध्या-एक मिनिटाचा असतो. त्यात सगळं ठसठशीत, सगळं शेवटाकडे धावणारं. तक्सीममध्ये, म्हणजे एकच वाद्य ठेक्याशिवाय आलापी करतं तेव्हा, नर्तिका कधीकधी नुसती श्वास घेत उभी असते. ते तुकड्यात येत नाही. माणूस खरा कळतो तो अशा थांबण्यात. नक्कल कर, जरूर कर, बंद खोलीत एखादीचा नाच स्वरास्वराने उतरवून काढणं हा उत्तम अभ्यास आहे. पण महिन्याला एक अशी नको. सहा महिने एकीलाच धर, आणि तिचं बसवलेलं नृत्य तिला विचारल्याशिवाय रंगमंचावर नेऊ नकोस.

भरतनाट्यमबद्दल बाईंनी सांगितलं ते मला अर्धंच पटतं. काढून टाकायच्या गोष्टी आहेत, आणि त्या नेमक्या कुठल्या हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पहिली गोष्ट पाय. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, पावलं आणि गुडघे बाहेर वळलेले असतात. या नाचात पावलं समांतर, गुडघे किंचित सैल आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. खुबे बाहेर वळलेले राहिले तर कंबर खाली सुटायला जागाच मिळत नाही, आणि मग हिप ड्रॉपसाठी तू पाठीच्या कण्याला झटके देशील. वर्षभराने कंबरदुखी घेऊन बसशील. माकडहाड खाली सोडलेलं, ओटीपोट हलकं आत, एवढं आधी पक्कं कर. दुसरी गोष्ट जमीन. अडवूत, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासात, तू जमिनीवर प्रहार करतेस, इथे वजन एका पायावरून दुसऱ्यावर आवाज न करता जातं. तिसरी गोष्ट धड. तिकडे खांद्यापासून कमरेपर्यंत धड एकसंध हलतं, इथे बरगड्या आणि ओटीपोट यांनी एकमेकांना न विचारता हलायचं असतं.

चौथी गोष्ट सर्वांत खोल रुजलेली, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ हा ‘अभिनयदर्पण’ या नृत्यग्रंथातला श्लोक तू लहानपणी पाठ केला असशील. हात जाईल तिथे नजर जायची. इथे तू तसं केलंस की प्रेक्षकाची नजरही तुझ्या हाताकडे जाते, आणि काम तर कमरेत चाललेलं असतं. या नाचात हात बहुतेक वेळा चौकट धरतात. नजर समोर ठेव, किंवा क्षणभर स्वतःच्या कमरेकडे वळू दे, पण हाताच्या मागे धावू देऊ नकोस. हात बोटांच्या टोकापर्यंत ताठ करायची सवयही सुटायला हवी. कोपर आणि मनगट थोडं ओलं राहू दे. ‘भरतनाट्यमवाली बेली डान्स करतेय’ असं जे दिसतं, ते बहुतेक नजर आणि कोपर या दोन ठिकाणी दिसतं.

आणि ठेवायचं ते? तालाचा हिशेब ठेव. तीरमानमच्या, म्हणजे तालाच्या समारोपाच्या तुकड्याच्या, शेवटी समेवर येऊन तू जशी ठाम थांबतेस, ते थांबणं ठेव. ढोलकीसारख्या दरबुक्यावर एकट्या ठेक्याचा तुकडा, म्हणजे ड्रम सोलो, घेतलास तर ही गोष्ट तुला फार उपयोगी पडेल, कारण तिथे शिमी सगळ्याच करतात, पण स्वच्छ थांबता फार थोड्यांना येतं. शब्द असलेलं गाणं घेतलंस तर अभिनयही ठेव, फक्त शब्दाशब्दाचा अर्थ हाताने सांगायला जाऊ नकोस. ऐकणारीचा चेहरा पुरतो. भरतनाट्यम वर्षभर बाजूला ठेव आणि मग त्यातलं काय आपणहून परत येतं ते बघ. जे न बोलावता आलं ते तुझं.

संगीताचं मात्र तुझ्या पत्रात एक वाक्यही नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. मकसूम हा सर्वांत जास्त भेटणारा ठेका चार मात्रांचा. ‘डुम टक, टक डुम, टक’ असा तोंडाने म्हण. सुरुवातीला एकाऐवजी दोन ‘डुम’ आले की तो बलदी होतो. मध्ये दोन ‘डुम’ लागोपाठ आले की सैदी, वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचा, जिथे काठी घेऊन नाचतात. जाड आवाजाचा ‘डुम’ कमरेला खाली ओढतो, ‘टक’ वर उचलतो. हे आधी कानाला कळू दे, मग अंगाला सांग. तुझं कौशल्य इथेच कामाला येईल, कारण ज्या मुलीला तालाच्या मिश्र आणि खंड जाती, म्हणजे सात आणि पाच मात्रांचे गट, मोजता येतात तिला समाई या अरबी ठेक्याच्या दहा मात्रा, तीन-दोन-दोन-तीन, अवघड जाणार नाहीत.

आपण बडोद्यात आहोत याचा इथे फायदा घे. 1886 मध्ये गायक मौलाबक्षांनी इथे गायनशाळा चालवायला घेतली, तेव्हापासून या शहराला ताल शिकवण्याची सवय आहे. विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत तबला शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी शोध, आठवड्यातून तासभर बसायला तयार होईल. तू ‘डुम-टक’ म्हणून दाखव, तो केरव्याच्या हाताने धरेल आणि दहा मिनिटांत मकसूम वाजवू लागेल. रेकॉर्डवर नाचताना पुढे काय येणार ते तुला पाठ असतं. समोर माणूस वाजवत असेल तर ऐकावंच लागतं, आणि ऐकून जे अंगातून निघतं ते उसनं नसतं.

सुरांचंही तसंच. अरबी संगीतात रागासारखी जी स्वररचना असते तिला मकाम म्हणतात. हिजाझ मकाम लागला की भैरवातले सा-रे-ग-म कानावर आल्यासारखं वाटेल, कुर्द लागला की भैरवी आठवेल. रास्त आणि बयातीमध्ये मात्र असे स्वर आहेत जे हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या मधोमध पडतात. त्यांना अंगात यायला वेळ लागतो. रोज अर्धा तास न नाचता नुसतं ऐक. आणि गाण्यात शब्द असतील तर अर्थ समजून घेतल्याशिवाय नाचू नकोस. अरबी गाणं विरहाचं असेल, प्रार्थनेचं असेल, आणि तू हसत शिमी करत असशील, तर ते समजणाऱ्या एका माणसालाही तुझ्याकडे बघवणार नाही.

गरब्याचं मैत्रिणीने सुचवलं त्यात तिचं प्रेम आहे, पण डिसेंबरमध्ये ते करू नकोस. गरबा अंबेच्या भोवती, दिव्याभोवती फिरतो. आपण नऊ रात्री चपला काढून त्या वर्तुळात शिरतो. त्याच्या गाण्यावर पोटाची लाट आणून ठेवली तर दोन्ही नाच उपरे होतात. सैदीतली काठी बघून दांडियाची आठवण येईल, पण ती काठी तहतीब या पुरुषांच्या लाठीखेळातून आली आहे, तिचा तोल आणि तिची ऐट निराळी. सारखं दिसलं म्हणून जोडायला गेलं की दोन्हीकडचं फक्त वरवरचं हाती लागतं.

सयाजीरावांच्या लग्नात, 1880 मध्ये, तंजावरच्या राजकन्येबरोबर तिथले कलावंत या शहरात आले. त्यांचं नृत्य इथे राहिलं, इथलं झालं, तरी पुढच्या पिढीने आडनाव लावलं ते तंजोरकर. आपण आणलंय ते कुठलं आहे हे सांगायला ते कचरले नाहीत. तूही कैरोचा नाच बडोद्यात करतेस, तर तो कैरोचा म्हणून नीट कर. गरबा तुझ्या अंगात असेल तर तो लपणार नाही. गिरकीच्या सफाईत, न दमता टिकण्यात, गर्दीत मोकळं असण्यात तो दिसेलच. त्याला जाहिरातीची गरज नाही.

आता कामाचं बोलू. इजिप्शियन, शब्द नसलेली, चारेक मिनिटांची एकच धून निवड आणि डिसेंबरपर्यंत ती बदलू नकोस. आठवड्यातून एकदा तिच्यावर काहीही न बसवता नाच आणि फोनवर रेकॉर्ड कर. लगेच बघू नकोस, दोन-तीन दिवसांनी बघ, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून. मी शिकवते त्या मुलींना यातली पहिली पायरीच सर्वांत जड जाते, कारण स्वतःकडे बघताना आपण केस, पोट, चेहरा यातच अडकतो. ते सगळं बघून घे, कंटाळा येईपर्यंत बघ, मग हालचालीकडे वळ. वजन कुठल्या पायावर जास्त राहतं? संगीत थांबलं की तू काय करतेस? घाबरलीस की कुठल्या हालचालीत जाऊन लपतेस? ती लपण्याची हालचाल पुढच्या आठवड्यात वर्ज्य कर. बहुतेकींच्या बाबतीत ती शिमी असते.

मग एक आठवडा एकाच फरशीवर उभी राहून पूर्ण धून नाच, पाऊल बाहेर टाकायचं नाही. पुढच्या आठवड्यात सबंध खोली वापर. कुठे श्वास मोकळा झाला ते तुझं तुलाच कळेल. एक आठवडा फक्त आडवा आठ. चार मिनिटं एकच हालचाल, पण लहान, मोठी, सावकाश, अर्धी सोडलेली, कमरेतून सुरू होऊन बरगडीत संपलेली. पहिल्या मिनिटाला तुला रडू येईल. तिसऱ्या मिनिटाला तू असं काही करशील जे कुठल्याच व्हिडिओत बघितलेलं नसेल. ते वहीत लिहून ठेव. दोन महिन्यांनी ती वही वाच. जे पुन्हापुन्हा लिहिलं गेलंय त्याच्यावर डिसेंबरचा नाच उभा कर, आणि बाकी कितीही सुंदर असलं तरी गाळ.

पाच मिनिटं मिळाली आहेत म्हणून पाच मिनिटं भरू नकोस. चार पुरेत.

आईचा अवघडलेपणा मला समजतो. इजिप्तमध्येही लग्नाला नर्तिका हवी असते आणि आपल्या मुलीने तो व्यवसाय करू नये असंही वाटतं. लावणीच्या बाबतीत आपल्याकडे काय झालं ते तुझ्या आईला मी सांगायला नको. तिच्यावर नातेवाईकांना पटवण्याचं ओझं टाकू नकोस. तिला तालमीला बोलाव, ती ज्या संगीतात वाढली त्यातलं भैरव-भैरवीचं साम्य ऐकव, आणि आवडलं नाही तर तसं म्हणायची मोकळीक दे.

पोट उघडं टाकण्याची काळजी तुला किंवा तिला असेल, तर दोन तुकड्यांचा चमचमता पोशाख घातलाच पाहिजे असं नाही. तो कैरोच्या नृत्यगृहांनी आणि सिनेमाने रूढ केला. तिथे सरकारी नियमामुळे पोटावर जाळीचं कापड लावण्याची पद्धतही पडली. बलदीसाठी, म्हणजे त्या ठेक्यावरच्या लोकवळणाच्या नाचासाठी, अंगभर, सरळ, लांब बाह्यांचा झगा आणि त्यावर कमरपट्टा हाच अस्सल वेश आहे. तुझ्या धुनीला तोच शोभेल. शिंप्याला कापड थोडं ताणणारं घ्यायला सांग आणि एका बाजूला गुडघ्यापर्यंत चीर ठेवायला सांग, नाहीतर मोठं पाऊल पडत नाही. पट्टा कमरेवर बांधू नकोस, खुब्याच्या हाडावर बांध. वर बांधला की सगळी मेहनत झाकली जाते.